दगड कोठें घालावा?

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्याकडील एका सभेंत नदीकांठच्या गांवांचें रक्षण कसें करावें या विषयावर तीन तास भाषणें झालीं. वक्ते सारे कळकळीचे होते. कोणी पुराच्या कथा सांगितल्या, कोणी वाहून गेलेल्या शेतांचीं छायाचित्रें दाखविलीं, आणि शेवटीं एक ठराव मांडण्यांत आला कीं, नदीच्या कांठांना व मोठ्या तलावांना सर्व बाजूंनीं दगडी भिंत बांधून मिळावी. ठराव टाळ्यांच्या गजरांत संमत झाला. हात वर न करणारा मी एकटाच निघालों. बाहेर चहा घेत असतां माझा एक जुना विद्यार्थी, आतां तो चांगला नांवाजलेला वकील आहे, हंसत हंसत म्हणाला, "सर, तुमचा दगडावर इतका राग कां?" त्या वेळीं मीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनांत राहिला, व त्याचें उत्तर सभेच्या गडबडीपेक्षां येथें सावकाशपणें द्यावें असें वाटून हें लिहीत आहें.

माझा राग दगडावर नाहीं. जेथें दगड हवा तेथें तो नाहीं, आणि जेथें त्याचें फारसें काम नाहीं तेथें त्याचे ढीग पडत आहेत, ही माझी तक्रार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या रानाच्या मुलखांत, जेथून समुद्र दोन्ही दिशांना शेंकडों मैल दूर, तेथें लाटांची गोष्ट काढणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. पण सभेंतला सगळा घोटाळा तेथूनच उत्पन्न झाला. समुद्राचा किनारा खचतो, नदीचा कांठ कोसळतो आणि तलावाची पाळ झिजते. या तिन्ही गोष्टींना आपण 'धूप' हा एकच शब्द लावतों, आणि शब्द एक म्हणून औषधही एकच असें गृहीत धरतों. तापाला एकच नांव असलें म्हणून हिंवतापाची मात्रा विषमज्वराला कोणी देत नाहीं.

समुद्राची गोष्ट आधीं उरकून घेतों. कोंकणांत या कामाला 'धूप-प्रतिबंधक बंधारा' असें भारदस्त सरकारी नांव आहे. मालवणजवळचें देवबाग ज्यांनीं पाहिलें असेल त्यांना त्याची निकड समजावून सांगावी लागणार नाहीं. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्यें वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिजवर माडांच्या सावलींत वसलेलीं घरें. परसांतला माड समुद्रांत आडवा झालेला ज्यानें पाहिला त्यानें दगड मागितला तर त्याला वाळूच्या हिशेबावर व्याख्यान देणें हा क्रूरपणा होईल. पण व्याख्यान त्याला नको असलें तरी दगड मंजूर करणाऱ्यांना तें हवें. किनाऱ्यावरची वाळू एका जागीं बसलेली नसते. लाटा तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्याच्या कडेकडेनें पुढें ढकलीत नेतात. मागून जेवढी येते तेवढी पुढें जाते, तोंवर किनारा टिकलेला दिसतो. उभी दगडी भिंत लाट परतवून लावते, आणि परतलेली लाट भिंतीच्या पायाची वाळू उपसते. आडवा बांध समुद्रांत काढला तर वाळू त्याच्या अलीकडे अडते आणि पलीकडचा शेजारी उपाशी राहतो.

याचें उदाहरण इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर इतकें स्वच्छ आहे कीं तें शाळेच्या पुस्तकांतूनही शिकवितात. यॉर्कशायरांतील होल्डरनेस या भागांत मऊ मातीचे कडे वर्षाला सरासरीनें दोनएक मीटर मागें हटतात. १९९१ सालीं मॅपलटन या खेड्याचा व त्यांतून जाणाऱ्या रस्त्याचा बचाव करण्यासाठीं मोठमोठ्या शिळांचे दोन बांध तेथें समुद्रांत काढले. गांव वांचलें, यांत शंका नाहीं. परंतु दक्षिणेकडे जाणारी वाळू त्या बांधांशीं अडली, आणि त्यापुढील ग्रेट कॉडन येथचे कडे पूर्वीपेक्षां वेगानें ढांसळूं लागले. आपल्याकडे पुदुच्चेरीला १९८० नंतरच्या दशकांत बंदराचे बांध समुद्रांत गेले, तेव्हां उत्तरेस असलेल्या शहराची वाळूची चौपाटी नाहींशी होऊन तिच्या जागीं दगडांची रास उरली. केरळांत तर निम्म्याच्या आसपास किनाऱ्याला दगड लागला आहे, तरीहि दर पावसाळ्यांत तेथील मच्छीमारांचीं घरें समुद्रांत जातातच.

आतां नदी. सिरोंचा तालुक्यांतील शेतकऱ्यांचें दुःख मीं ऐकलें आहे, आणि त्या सभेंतला ठराव मुख्यतः त्यांच्या नांवानेंच झाला. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, व तिचें सारें पाणी सिरोंच्याजवळ गोदावरींत उतरतें. या संगमाच्या खालच्या अंगाला तेलंगणाच्या कालेश्वरम् योजनेचा मेडीगड्डा बंधारा आहे. त्याचें उद्घाटन २१ जून २०१९ रोजीं झालें, आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याचे कांहीं खांब खचले. मधल्या काळांत, विशेषतः जुलै २०२२ च्या महापुरांत, आमच्या बाजूच्या गांवांनीं फार भोगलें. पाणी शेतांत शिरतें, कांठ कापला जातो, सातबाऱ्यावर असलेली जमीन डोळ्यांदेखत पात्रांत जाते, ही त्यांची तक्रार आहे. ती खोटी आहे असें म्हणण्याचें माझ्या मनांतही नाहीं.

पण नदीचा कांठ लाटेनें फुटत नाहीं. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह तळ खरवडतो आणि वरची माती आधार गेल्यामुळें कोसळते. दुसरें कारण याहून अधिक लपलेलें आहे. पाणी बरेच दिवस चढून राहिलें म्हणजे कांठाची माती आंतून तट्ट भिजते. मग पूर ओसरल्यामुळें म्हणा, किंवा खालचीं दारें उघडल्यामुळें म्हणा, नदी एकाएकीं उतरली कीं त्या मातीला बाहेरून टेकू देणारें पाणी निघून जातें व ओला कांठ स्वतःच्याच भारानें खालीं येतो. अशा कांठाच्या तोंडाला दगड चिकटवून काय होणार? मातीबरोबर दगडही खालीं येतील, एवढेंच.

नदीला दगडानें आवरण्याची विद्या आपल्या देशांत नवी नाहीं. उत्तरेकडील मोठ्या नद्यांवर रेल्वेचे पूल बांधतांना बेल नांवाच्या इंजिनियरानें ती पुढें नेली, आणि फ्रान्सिस स्प्रिंग यानें १९०३ सालीं तिचें पुस्तक लिहिलें. तिचें मर्म असें कीं, बांधाच्या पायाशीं, नदीच्या पात्रांत, सैल दगडांची एक रुंद चादर अंथरून ठेवावी. नदी तळ खरवडील तसतसे ते दगड आपले आपण खालीं उतरून उतारावर बसतात. म्हणजे दिसणाऱ्या भिंतीपेक्षां पाण्याखालीं गाडलेला, कोणाला न दिसणारा दगड अधिक मोलाचा. पण पाण्याखालच्या दगडाचें उद्घाटन करतां येत नाहीं. म्हणून पैसा कमी पडला कीं प्रथम तोच कागदावरून पुसला जातो.

शिवाय सिरोंच्याला नदी ही दोन राज्यांची हद्द आहे. आम्ही आमचा कांठ बांधला तर प्रवाहाचा रोंख समोरच्या कांठाकडे वळणार. त्यांनीं त्यांचा बांधला तर आमच्याकडे. दोघांनींही बांधला तर नदी तळ खोदील, किंवा भिंत संपते तेथें, म्हणजे ज्याच्या वशिल्याचा हात आंखूड त्याच्या शेतांत शिरेल. सिरोंच्याच्या शेतकऱ्याला भिंतीआधीं दोन गोष्टी मिळावयास हव्यात: गेलेल्या जमिनीचा पुरता मोबदला, आणि बंधाऱ्याचीं दारें केव्हां व किती उघडणार याची आगाऊ वर्दी. भिंत बांधून दिली कीं या दोन्ही मागण्यांना वाटाण्याच्या अक्षता लावायला सोपें जातें. माझ्या सभास्थ मित्रांनीं भिंत मागितली तेव्हां नकळत त्यांनीं समोरच्या पक्षाचें काम हलकें केलें. जेथें वस्तीच अगदीं कांठावर आहे, किंवा मार्कंड्यासारखें हलवितां न येणारें शिल्प वैनगंगेच्या तीरावर उभें आहे, तेथें दगड घालावा, खोल घालावा, आणि खर्चाकडे पाहूं नये. शेताशेताला मात्र तो पुरणार नाहीं.

राहिला तलाव, आणि खरें सांगावयाचें तर मला जें म्हणावयाचें आहे तें येथूनच सुरू होतें.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल आणि वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, कुरखेडा, या झाडीपट्टींत रेल्वेच्या खिडकींतून पाहिलें तरी दर मैला-दोन मैलांवर पाणी चमकतें. सहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव पूर्व विदर्भांत आहेत असें म्हणतात. लहान बोड्या निराळ्याच. जो रान तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, अशा सनदा चांद्याच्या गोंड राजांनीं दिल्याची परंपरा आहे. 'तुकूम' हा शब्द त्यांतलाच, आणि चंद्रपूर शहराच्या एका वस्तीचें नांव म्हणून तो आजही जिभेवर आहे. हे तलाव बांधण्यांत कोहळी लोकांचा हात कोणी धरला नाहीं. उताराची पारख करून, नेमक्या खोलगट जागीं मातीची पाळ घालून, पोटांतून पाणी सोडण्यासाठीं तुडुम बसवून त्यांनीं जें केलें तें पुढें इंग्रजी अमदानींत आसोलामेंढा आणि घोडाझरीसारख्या मोठ्या कामांत इंजिनियरांनींही नाकारलें नाहीं.

या पाळीचा शत्रु कोण? बहुतेक सुशिक्षित सांगतील, पूर. पुरासाठीं सांडवा असतो. तो मोकळा असला म्हणजे पूर बिचारा सरळ निघून जातो. पाळीला रोज, दर घटकेला, न थकतां खाणारी आहे ती लाट. वैनगंगेच्या या बाजूला, चंद्रपूर जिल्ह्यांत, जमिनीचा उतार बहुधा पूर्वेकडे, नदीकडे आहे. त्यामुळें पाळ येते ती तळ्याच्या पूर्व अंगाला. आणि पावसाळ्यांत तळीं भरलेलीं असतांना वारा वाहतो तो नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून. म्हणजे तळ्याची सगळी लांबी ओलांडून लाट येते आणि नेमकी पाळीवर आपटते. तळें किलोमीटरभर लांब व वारा चांगला सोसाट्याचा असला तर लाट फार तर वीत-दीड वीत उंचीची. ती पाहून कोणी भिणार नाहीं. पण ती दीड-दोन सेकंदांना एक अशी येते. ताशीं दोन हजारांच्या घरांत ठोसे, आणि आषाढांतला वारा कांहीं एक तासानें थांबत नाहीं.

येथें दगडाचें काम आहे. सरकारी कागदांत त्याला 'अश्मपटल' म्हणतात, खेड्यांत 'पिचिंग'. पाळीच्या पाण्याकडील उतारावर आधीं बारीक मुरूम व खडीचा थर, आणि त्यावर हातानें बसविलेले अनघड दगड, सांध्यांत चिपा ठोकून. खालचा थर वगळला तर दगड कितीही चांगला असो, लाट मागें सरतांना सांध्यांतून माती चोखून नेते, आंत पोकळी होते आणि एके दिवशीं दगड बसकण मारतो. मला विशेष सांगावयाचें आहे तें वजनाविषयीं. लाटेची उंची दुप्पट झाली कीं तिला तोंड देणारा दगड आठपट जड लागतो, हा या शास्त्रांतला ठरलेला हिशेब आहे. समुद्राची लाट तळ्याच्या लाटेच्या दहापट धरली तर दगड हजारपट जड हवा. म्हणून समुद्रावर टनांच्या शिळा लागतात, यारी लागते, किंवा मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर होते तसले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे लागतात. त्यांची युक्ति १९५० सालीं फ्रान्समध्यें निघाली. तळ्याला मात्र एका माणसानें उचलून बसवावा एवढा दगड पुरतो. गांवच्या माणसाला दुरुस्त करतां येईल असें हें काम आहे. आणि मला संशय येतो कीं, यारी लागत नाहीं, मोठा ठेका निघत नाहीं, म्हणूनच तें कोणी करीत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत एका गांवीं माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. त्याचे आजोबा मला पाळीवर घेऊन गेले. त्या बाजूला पाण्याच्या रेषेवर, हातभर उंचीचा, कुऱ्हाडीनें तासल्यासारखा उभा कापा पडला होता. वरचे दोन थर दगड नव्हतेच. मीं विचारलें, पाणी इतकें कसें चढलें? म्हातारा म्हणाला, "सर, पानी नाई खात पाळ. लाट खाते." आणि दगड कोठें गेले? यावर तो नुसता हंसला. परतांना वाटेंत गोठ्यांच्या जोत्यांत, एका नव्या घराच्या पायरींत आणि देवळाच्या ओट्यांत ते मला एकेक करून दिसले. ज्या घरीं मीं जेवलों त्याच्या अंगणाचाही त्यांत भाग होता.

तेव्हां सगळा दोष सरकारच्या माथीं मारून मोकळें होण्याची सोय मला नाहीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली; तेव्हां हा चांदा जिल्हा मध्यप्रदेशांत होता, आणि गडचिरोली वेगळा व्हायला १९८२ साल उजाडायचें होतें. मालगुजारी जाणें हें न्याय्यच होतें. मालगुजारांच्या जुलमाच्या कथा अजून ऐकूं येतात, आणि त्या दिवसांसाठीं उसासे टाकणाऱ्यांतला मी नव्हे. पण मालगुजाराबरोबर दर उन्हाळ्यांत पाळीवर माणसें लावणाराही गेला. तलाव खात्यांकडे गेले: मोठे एकाकडे, लहान दुसऱ्याकडे. निस्ताराचा हक्क गांवाकडे राहिला, कर्तव्य कार्यालयाकडे गेलें. आणि जें सर्वांचें तें कोणाचेंच नाहीं असें मानून ज्यानें त्यानें एकेक दगड घरीं नेला.

त्या पाळीविषयीं मीं संबंधित कार्यालयाला पत्र लिहिलें. चार महिन्यांनीं उत्तर आलें कीं, सदर काम चालू आराखड्यांत समाविष्ट नाहीं. त्याच वर्षीं एका शहरी तलावाचें 'सौंदर्यीकरण' झालें. तलावाच्या चारी बाजूंना दगडी भिंत, वर रंगीत फरशा, लोखंडी कठडा, दिवे. संध्याकाळीं आम्ही मध्यमवर्गीय मंडळी तेथें फिरावयास जातों आणि शहर सुधारलें असें एकमेकांस सांगतों. माझ्या घरचींही जातात. मीही एक-दोनदां गेलों आहें.

आणि येथें माझा त्या ठरावाशीं खरा झगडा आहे. तळ्याला 'सर्व बाजूंनीं' दगड कशाला? पाळ ही माणसानें घातलेली, तिला दगड हवा. उरलेल्या तीन बाजू जमिनीनें आपण होऊन दिलेल्या आहेत; तेथें उतार इतका हलका असतो कीं लाट वर चढतां चढतां दमून जाते. त्याच बाजूंनीं रानांतलें पाणी तळ्यांत येतें. त्याच उथळ पाण्यांत मासे अंडीं घालतात, त्याच गवतांत पाखरें घरटीं करतात, आणि पाणी मागें सरलें कीं त्याच पोटांत कोणी भाजी-कलिंगडें लावतो. तेथें भिंत घातली म्हणजे येणारें पाणी अडतें, ढिवरांची मासोळी घटते, आणि म्हशींना पाण्यांत उतरायला वाट उरत नाहीं. एका पाळीला पुरून उरला असता असा दगड तीन निरुपयोगी बाजूंना जातो, आणि पाळ तशीच उघडी!

कोणी म्हणेल, तलावांतला गाळ काढण्याच्या योजना तर चालूच आहेत. आहेत, २०१७ पासून त्या कामाला नांवही मिळालें आहे, आणि गाळ शेतांत जातो हें उत्तमच. पण यंत्र पाळीच्या पायाशीं नेऊन तेथेंच खोल खोदतात, कारण तेथून वाहनें भरणें सोयीचें. पायाची माती गेली कीं वरचा दगडी थर घसरून खड्ड्यांत जातो. पाळीपासून कांहीं अंतर सोडून खणा, एवढी साधी अट पाळली तरी पुरे. दुसरे म्हणतील, काँक्रीटचा थर द्या, दगड चोरीला जायला नको. काँक्रीट ताठ असतें. माती खचली तरी तें वरून अखंड दिसतें, आणि आंतली पोकळी कळते तेव्हां उशीर झालेला असतो. सैल दगड खचतो तो डोळ्यांसमोर खचतो, व तो पुन्हां बसवितां येतो. राहिला खर्च. तो मोजावयाचा तर पाळ फुटल्यावर वाळूखालीं जाणाऱ्या धानाच्या बांध्यांशीं ताडून मोजावा, कठड्याच्या किंमतीशीं नव्हे.

माझ्या वकील मित्राला माझी विनंती एवढीच कीं, पुढच्या सभेंत ठराव आणावयाचा तर असा आणावा: दर वैशाखांत, तळीं उतरलेलीं असतांना, प्रत्येक पाळीच्या पाण्याकडील अंगावरून गांवचीं दोन माणसें व खात्याचा एक मनुष्य यांनीं चालत जावें, निखळलेले दगड मोजावे, आणि मृगापूर्वीं ते बसवावे. त्यासाठीं लागणारा पैसा सौंदर्यीकरणाच्या आधीं काढून ठेवावा. हात वर करणाऱ्यांत या खेपेस मी पहिला असेन.

यंदा उन्हाळ्यांत त्या गांवाहून विद्यार्थ्याचा फोन आला. आजोबांनीं घरच्या अंगणांतले दगड उकरून बंडींत घातले आणि पाळीवर नेऊन टाकले. ते कसे बसवावे हें ठाऊक असलेला एक वडार शेजारच्या गांवांत अजून आहे, त्याला बोलावलें आहे. पायरीचे दगड काढूं द्यायला मात्र घरांतल्या बायका तयार नाहींत.